एक दिवसाआड धावणारी गाडी

“मॅडम, आता तुम्हीच पाहा. ही गाडी चालून राहिली, का कोणी ढकलून राहिलं तिले?”

लांजेवार शेठ खुर्चीच्या कडेवर बसले होते. दोन्ही हात कीबोर्डवर, जीभ दातांत. हिरव्या स्क्रीनवर रस्ता म्हणजे दोन उभ्या रेघा आणि त्यांची गाडी म्हणजे चार ठोकळे. समोरून ट्रक येत होते, तेही ठोकळेच. खेळ साधा होता. ट्रक चुकवत राहायचं, जितके चुकवाल तितका स्कोअर. पण त्या शुक्रवारी दोन ट्रकांच्या मधल्या वेळात शेठजींनी फोन उचलला, “जेवून राहिलो, नंतर करा,” म्हणून ठेवला, आणि तरीही पुढचा ट्रक चुकवला.

मी स्क्रूड्रायव्हर धरून शेजारी उभी होते. मशीन हळू चालतं, या तक्रारीसाठी हा माझा दुसरा कॉल. मंगळवारी आले तेव्हा हीच गाडी सुसाट पळाली होती आणि मी रिपोर्टवर ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून परत गेले होते.

आमची कंपनी धरमपेठेत होती. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचे, विकायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हे काम. मी सर्व्हिस इंजिनिअर होते, पण सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर, आणि शेवटचा महिना चालू होता. कॉम्प्युटर उघडणारी मुलगी पाहायला तेव्हा लोक चहाचा कप हातात घेऊन येत. मी कमी बोलायचे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी बोलताना चूक होईल अशी धास्ती, आणि इंग्रजीत बोललं तर शिष्ट ठरण्याची. गप्प राहणं सोयीचं पडायचं. आमचे मॅनेजर देशकर सर याला ‘लॅक ऑफ कॉन्फिडन्स’ म्हणत.

“मिस मेश्राम,” ते म्हणाले होते, “या कॉलवर शेठची ‘सॅटिसफाइड’ अशी सही आणली, तर कन्फर्मेशन लेटर टाइप करतो. नाही आणली, तर रिसेप्शनवर डेमो द्यायला मला कोणीतरी पाहिजेच आहे.”

“सर, पण कंप्लेंट गेमची आहे.”

“क्लायंट बिलं करतो की गाडी चालवतो, हा आपला विषय नाही. मशीन आपलं आहे.”

शेठजींचा कारखाना वाडीला, अमरावती रोडवर. तिथे ट्रक आणि बसच्या बॉडी बांधत. दिवसभर पत्र्यावर हातोडे चालायचे. त्या गोंगाटाच्या मधोमध प्लायवूडची एक केबिन उभी केली होती. आत एसी, दाराला पडदा, बाहेर ‘चपला येथे काढा’ अशी पाटी. कॉम्प्युटर बिलांसाठी घेतलेला होता, पण जेवणाच्या सुटीत तो शेठजींचा. मॉनिटरच्या वर पत्र्याची एक पाटी लटकत होती. ट्रकवर नंबर रंगवणाऱ्या पेंटरनेच ती केली होती. लाल अक्षरांत ‘रेकॉर्ड ४८६०’ आणि दोन्ही बाजूंना मोर.

“एवढ्या ढिल्या मशीनवर ४८६० केले मी,” शेठ म्हणाले. “फास्ट राहिली असती तर विचार करा, कुठं गेलो असतो!”

मी विचार केला. कॉम्प्युटरचे स्क्रू सोडवायला घेतले.

कॅबिनेट उघडलं. आत लोखंडाची बारीक धूळ होती. ब्रशने ती काढली. चिप्स बोटाने दाबून बसवल्या. आतली कार्डं बाहेर काढली आणि त्यांच्या पितळी कडा खोडरबराने घासल्या. हा खरा उपाय आहे. कडांवर मळ बसला की जोडणी सैल पडते, आणि खोडरबराने तो जातो.

“आमचे पंधरा टन लोखंड उचलणारे मिस्त्री हाये,” शेठ पाहत म्हणाले, “आणि तुम्ही रबर घेऊन आल्या!”

मशीन चालू केलं. गाडी तशीच रांगत होती. सही मिळाली नाही.

शनिवारी सकाळी ऑफिसात शेठजींचा फोन. “मॅडमचं रबर लागू पडलं! गाडी पळून राहिली!” सोमवारी पुन्हा फोन. “रबर उतरलं.”

मग शेठजींनीच सांगितलं की सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीन झोपतं आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार पळतं. देशकर सरांनी लगेच निदान केलं. “व्होल्टेज. त्या तीन दिवशी शेजारी कोणीतरी मोठी मोटर चालवत असणार. स्टॅबिलायझर लावा.”

व्होल्टेज उतरलं की पंखा हळू फिरतो. कॉम्प्युटर हळू चालत नाही, तो सरळ बंद पडतो. हे मला माहीत होतं. मी “यस सर” म्हणाले आणि स्टॅबिलायझर लावून आले. मात्र येताना केबिनमधल्या कॅलेंडरकडे बोट दाखवून शेठजींना एक विनंती केली. रोज त्या तारखेवर लिहून ठेवा, फास्ट की स्लो.

पुढच्या आठवड्यात पोळा आला. कारखाना एक दिवस बंद होता. त्यानंतर शेठजींचा फोन आला तेव्हा ते ओरडतच होते.

“तुमचा स्टॅबिलायझर उलटा लागला! आता मंगळवार, गुरुवार, शनिवार झोपून राहिली!”

देशकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग रिसेप्शनच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

संध्याकाळी मी वाडीहून ते कॅलेंडर मागून आणलं आणि टेबलावर पसरलं. वार पाहिले तर सगळा गोंधळ होता. पण रविवार आणि पोळा पेन्सिलीने खोडले की रांग सरळ लागत होती. स्लो, फास्ट, स्लो, फास्ट, एकही चूक नाही. म्हणजे मशीन वार पाहत नव्हतं, कामाचे दिवस मोजत होतं. कारखाना उघडला की रोज एकदाच काहीतरी घडत होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच माझी लूना कारखान्याच्या फाटकाशी होती.

आठला सुखदेव मिस्त्री आले. हे तिथले फोरमन, शेठजींच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. हातात स्टीलचं ताट, त्यात कुंकू आणि पेटलेली उदबत्ती. ते लेथपाशी गेले, हिरव्या स्टार्टरच्या बटणाला अंगठ्याने कुंकू लावलं, हात जोडले. मग ड्रिलचं मशीन. मग पत्रा कापायचं मशीन. मग वेल्डिंगचा सेट. मी मागे मागे चालत होते. शेवटी त्यांनी केबिनच्या दाराशी चपला काढल्या, पडदा सारला आणि कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. पुढच्या बाजूला एक लहान चौकोनी बटण होतं. मिस्त्रींनी कुंकवाचा अंगठा त्यावर टेकवला आणि पत्रा दाबायच्या ताकदीने दाबला.

टक्.

“मिस्त्री,” मी म्हणाले, “हे बटण का दाबलं?”

“दाबलं काहून म्हनता, बाई? टीका लावला.”

“पण त्या बटणालाच का?”

“मशीनले टीका स्टार्टरलेच लावतात. मानसाचा हात पयले तिथंच जाते ना. तिथंच सांभाळ म्हनावं लागते.” त्यांनी कॉम्प्युटरकडे हात केला. “आता ह्याले समोर हे एकच बटन हाय. दुसरं दाखवा कुठं हाय ते.”

समोर दुसरं नव्हतंच. मशीन चालू करायचा लाल स्विच उजव्या अंगाला, पार मागे होता. समोरचं बटण टर्बोचं.

टर्बो म्हणजे काय, ते सांगते. त्या काळच्या मशीनला दोन स्पीड असत, गाडीला दोन गिअर असावेत तसे. बटण एकदा दाबलं की आत बसायचं आणि मशीन फास्ट. पुन्हा दाबलं की बाहेर यायचं आणि स्लो. आत आणि बाहेर यांत फरक जेमतेम एका सुताचा, त्यावर कुंकवाचा थर. कुठला स्पीड चालू आहे ते दाखवायला एक पिवळा दिवा असायचा. पण या मशीनमध्ये त्याची वायर जोडायची आमच्याकडूनच राहून गेली होती. शुक्रवारी कॅबिनेट उघडून आतला कण न् कण मी पाहिला होता. बाहेरच्या बटणाकडे पाहिलं नव्हतं.

शेठ आल्यावर मी हे शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं.

“म्हंजे मीच रोज बिघडवून राहिलो होतो?” मिस्त्रींचा चेहरा पडला.

“रोज नाही,” मी म्हणाले. “एक दिवस बिघडवत होता, एक दिवस दुरुस्त करत होता.”

“काय गा मिस्त्री!” शेठ हसत सुटले. “आन् मी पोळ्याले शिव्या दिल्या! मॅडम, आता फास्टच ठेवा. कायमची फास्ट. सही मी आत्ता देतो, फक्त एक गाडी चालवून पाहतो.”

बातमी बाहेर गेली होती. हातोडे थांबले आणि पडद्यापाशी दहा-बारा डोकी जमली. शेठजींनी बाह्या सारल्या.

पहिला अपघात एकशेदहावर. दुसरा नव्वदवर. तिसऱ्या वेळी गाडी सुरू होताच ट्रकला भिडली, स्कोअर दहा. पडद्यामागून कोणीतरी खोकल्यासारखं केलं. शेठजींनी पेन परत खिशात टाकलं.

“हे काय करून ठेवलं तुम्ही? पयले तरी एक दिवसाआड चालत होती. सही नाही होत अशी.”

मी काही बोलायच्या आत मिस्त्री पाटीकडे पाहत म्हणाले, “भाऊ, ते रेकॉर्ड कोन्या दिवशी झालं होतं?”

“सोमवारी. पोळ्याच्या आधी.”

“सोमवार तर तवा ढिल्लीचा दिवस होता.”

शेठजींचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला रिसेप्शनची खुर्ची स्पष्ट दिसली.

मग मी बोलले. नोकरीला लागल्यापासून इतकं मराठी मी एका दमात बोलले नव्हते.

“सर, हा गेम जुना आहे. तो लिहिला तेव्हा सगळी मशीनं स्लोच होती. अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी तर हे बटण दिलेलं असतं. फास्टवर तो नीट चालूच शकत नाही. स्लो हाच त्याचा ओरिजिनल स्पीड आहे.”

यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

“ओरिजिनल?” शेठजींनी विचारलं.

“हो सर.”

“म्हंजे रेकॉर्ड ओरिजिनल.”

“हो सर.”

मी बटण दाबलं. टक्. गाडी रांगायला लागली. शेठ मागे रेलून बसले आणि एकामागून एक ट्रक चुकवू लागले. बाराशेपर्यंत गेल्यावर त्यांनी एका हाताने पेन काढलं आणि स्क्रीनवरची नजर न हलवता सही केली. ‘सॅटिसफाइड’ हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला.

“झाली ना दुरुस्त?” मिस्त्री म्हणाले. मी त्यांना मागचा लाल स्विच दाखवला. “हे खरं स्टार्टर,” मी म्हणाले. त्याच क्षणी त्यांनी तिथे कुंकू लावलं, पण या वेळी हलक्या हाताने.

फॉल्टच्या रकान्यात काय लिहावं हा प्रश्न होता. मी ‘स्विच पोझिशन’ असं लिहिलं. देशकर सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे इलेक्ट्रिकलच. मी म्हटलंच होतं.” मी “यस सर” म्हणाले. लेटर त्याच दुपारी टाइप झालं.

वर्षभराने मेंटेनन्ससाठी पुन्हा वाडीला गेले. टर्बोचं बटण बाहेर होतं आणि कोणी दाबू नये म्हणून त्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. बिलांचा कारकून एक बिल छापायला लावून चहा पिऊन येत होता. मॉनिटरवरची पाटी नवी होती. ‘रेकॉर्ड ५२१०’, बाजूला तेच मोर आणि खाली लहान अक्षरांत ‘ओरिजिनल स्पीड’.

तेव्हापासून स्लो मशीनची तक्रार आली की गिऱ्हाइकाला फास्ट मशीनच हवं आहे असं मी धरून चालत नाही. आधी त्याचा स्कोअर विचारते.