चपला घालून भजन

हौसाक्का चपला घालून स्टेजवर चढायची. समोर देवीचा फोटो असो, समई तेवत असो, नाहीतर पुढारी पायरीला हात लावून वर जात असोत, ही बाई निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लीपर फटफटवत वर जायची. तिच्या भजनी मंडळाच्या अकरा बायका तिच्या मागून, त्याही चपलांतच. मग टाळांच्या पिशवीतून टाळांच्या आधी टेस्टर निघायचा. वायरमनच्या खिशाला असतो तसला, पिवळ्या दांड्याचा. त्याचं टोक माईकच्या जाळीला टेकवायचं, बुडावर अंगठा दाबायचा आणि नीट दिसावं म्हणून पदराचा आडोसा करून आतल्या बारीक दिव्याकडं बघायचं. दिवा लागला नाही की मागं वळून म्हणायची, "हं, मेलाय. आता घ्या देवाचं नाव."

मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कोल्हापुरात कार्यक्रमांचं निवेदन करतो. म्हणजे ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांची 'सर्वांना सुपरिचित' अशी ओळख करून देतो. हौसाक्का मला अशाच एका कार्यक्रमात भेटली. नवरात्रातली दुपार होती आणि एका तालमीच्या पटांगणात महिलांची भजन स्पर्धा होती. सकाळी पाऊस पडून गेलेला. लोखंडी पाइपांचं स्टेज, वर भिजलेलं जाजम, त्यावर मी अनवाणी. धरला की हाताला झिणझिण्या येत होत्या म्हणून माईकला मी माझा रुमाल गुंडाळला होता. आमच्यातले सगळेच असा रुमाल गुंडाळतात आणि त्याला अनुभव म्हणतात.

पहिलंच मंडळ हौसाक्काचं. वर आल्या आल्या तिनं मला विचारलं, "काय ओ पावणं, माईकला पडसं झालंय व्हय? रुमाल कशाला?"

"काही नाही हो, जरा मुंग्या येतात."

"मुंग्या वारुळात असत्यात. सोडा आदी त्यो."

तिनं टेस्टर टेकवला आणि पदराआड तांबडा दिवा ढळढळीत पेटला. तासभर मी याच माईकला ओठ टेकवून मान्यवरांचे गोडवे गात होतो.

तालमीचे अध्यक्ष धावत आले. वीज राहिली बाजूला, त्यांचं लक्ष आधी तिच्या पायांकडं गेलं. "आक्का, चपला काढा. देवी बसलीया समोर, दिसत न्हाय?"

"देवी बसलीया, मी उभा हाय," ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि हौसाक्काच्या तोंडी ते फार शोभायचं. "तिला काय हुईत न्हाय. वल्या जाजमावर अनवाणी उभारलेल्या बाईला हुतंय."

साउंडवाल्यानं खुलासा केला. "काय भ्यायचं न्हाय ओ. अर्थिंगची वायर जोडली की ॲम्प्लिफायरची पेटी घूंऽ करतीया, म्हणून तोडलीया. सगळीच तोडत्यात."

"घूं ऐकून कोण मेलंय व्हय रं आजवर?"

यंत्राच्या अंगावर वीज उतरलीच तर तिला जमिनीत जायला वाट हवी, म्हणून ती तिसरी वायर असते. ती तोडली की वीज माईकच्या जाळीत येऊन बसते आणि मग तिला वाट मिळते ती गाणाऱ्याच्या हातातून पायात. हे मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून नव्हे, चौथी शिकलेल्या हौसाक्काकडून शिकलो.

अध्यक्ष चिडले. "मग तुमचं मंडळ बाद. बाकीच्यांस्नी गाऊ द्या."

"मला बाद करा की! पण ह्या माईकला एका बी बाईचा हात लागू देणार न्हाय." कमरेवर हात ठेवून ती माईकच्या आडवी उभी राहिली. तिला बोलायला माईक लागतच नव्हता. रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाडीवरची माणसंसुद्धा काय झालं म्हणून बघायला आली. "बायानो, पायात चपला घाला. आन् चपला घातल्या म्हणून माईकला शिवू नगासा. आदी ह्येंनी वायर जोडूंदे."

खाली बसलेल्यांतली शिरोलीच्या मंडळातली एक उठली आणि पायरीशी पडलेल्या ढिगातून आपली चप्पल शोधू लागली. तिच्या मागून दुसरी उठली, मग सगळ्याच उठल्या. चपला शोधणाऱ्या शंभर बायकांपुढं कुठल्या अध्यक्षाचं चाललंय! दुसरी पेटी आली, तीन पिनांचा प्लग आला, जमिनीत सळई ठोकली, वीज गळली की आपोआप पडणारा स्विच बसवला. दीड तास गेला. हौसाक्कानं पुन्हा टेस्टर लावला तेव्हा दिवा लागला नाही, आणि स्पर्धा झाली. तिचं मंडळ मात्र बादच राहिलं, वेळ घालवला म्हणून. त्या अध्यक्षांचा मला आजही राग येतो. ती पुढच्या रांगेत बसून प्रत्येक मंडळाला टाळी धरत होती.

संध्याकाळी स्टँडवर ती गारगोटीच्या गाडीची वाट बघत होती. मी चहा घेऊन गेलो आणि विचारलं, "आक्का, हे सगळं शिकलात कुठं?"

"शेवंताकडनं," ती म्हणाली.

शेवंता तिची धाकटी जाऊ. पहाटे दोघी मिळून म्हशींच्या धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायच्या आणि तिसऱ्या प्रहरी भजनाला बसायच्या. अशाच एका नवरात्रात गावच्या देवळापुढं शेवंता माईक धरून देवीचं गाणं म्हणत होती. मधेच आवाज तुटला आणि तिचं अंग थडथडायला लागलं. केस सुटले, डोळे फिरले. माईक काही हातातून सुटेना. लोकांना वाटलं, अंगात आलं.

"ढोल आनी जोरात वाजवाय लागली समदी. हात जोडलं. पयलं हात कुणी जोडलं म्हायताय, मास्तर? मी." चहा तिच्या हातात तसाच राहिला होता. "कुकू लावाय फुडं गेलो. कपाळाला बोट लागलं आन् झटक्यानं मागं फेकलो गेलो. तवा कळलं, हे देवीचं न्हवं. बटण बंद करस्तवर संपलीवती. दोन मिन्टं, मास्तर. दोन मिन्टं आमी हात जोडून बघत हुतो."

पुढं कितीतरी जण तिला समजावताना मी ऐकले की देवीनं पदरात घेतली, भाग्याचं मरण आलं. ती तिथल्या तिथं सुनवायची. "देवीनं न्हाय नेली. तोडलेल्या वायरनं नेली. उगं देवीच्या नावावर खपवू नगासा."

काही गावांनी तिला बोलावणं बंद केलं. "नगं तर नगं. माझ्या म्हशी हाईत ऐकायला," एवढंच ती म्हणाली. पण साउंडवाल्यांनी मात्र तिची धास्तीच घेतली. ती लांबून दिसली की ते वाकून तिसरी वायर जोडायला लागायचे, आणि ते बघून ही गालात हसायची. एका जत्रेत एक पुजारी चपलांवरून फारच बोलला, तेव्हा ती म्हणाली होती, "चपला चालत न्हाईत म्हणनारा देव दाखवा मला. त्याला बी टेस्टर लावून बगतो." मलाही तिनं एक टेस्टर घेऊन दिला होता. खिशाला पेन असतं तिथं मी तो लावतो.

गेल्या वर्षी हौसाक्का गेली. सत्तरी ओलांडली होती, झोपेतच गेली. गावच्या शाळेच्या पटांगणात सकाळी शोकसभा ठेवली आणि निवेदनाला मला बोलावलं. फोटोला मोठा हार घातला होता. सरपंच हळूच म्हणाले, "सर, आज तरी चपला काढा. आक्काच्या फोटोफुडं बरं दिसत न्हाय." सांगायला लाज वाटते, मी काढल्या. टेस्टर खिशाला होता, पण शोकसभेत तो बाहेर काढायचा धीर झाला नाही. चांगलं दिसेल, न दिसेल, असा विचार करत मी माईकपाशी उभा राहिलो.

तेवढ्यात मंडळाच्या बायका वर आल्या, चपला घालून. पुढं सुरेखा होती, शेवंताची मुलगी, हौसाक्कानं वाढवलेली. तिनं मला हातानं मागं सारलं. टाळांच्या पिशवीतून तोच पिवळा टेस्टर काढला, माईकला टेकवला आणि ओढणीचा आडोसा केला.

दिवा लागला.

सरपंचांनाही तो दिसला. तरी ते म्हणाले, "दोन मिन्टाचा तर कार्यक्रम हाय, पोरी. घ्या की उरकून."

"माझ्या आईला बी दोनच मिन्टं लागली," सुरेखा म्हणाली आणि तिनं जाऊन प्लग उपसून काढला. मग फोटोपुढं उभ्या राहून त्या सगळ्यांनी माईकशिवायच भजन धरलं. टाळांच्या जोडीला पायांतल्या रबरी चपलाही ताल धरत होत्या, आणि आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. मी खाली उतरलो, ढिगातून माझ्या चपला शोधल्या, त्या घातल्या आणि पुन्हा वर जाऊन त्यांच्या मागं उभा राहिलो.