हळदीच्या मांडवात जीप

लग्नाच्या हॉलवर स्वतःची जीप स्वतः चालवत जायचं, हे मी साखरपुड्यालाच जाहीर केलं होतं. मामा म्हणाला, "नवरी ड्रायव्हर होऊन जाते का कुठं?" आणि फुलं लावलेली पांढरी गाडी ठरवून मोकळा झाला. शेवटी तह झाला. हळदीच्या संध्याकाळी जीप नीट चालली नाही, तर मी मुकाट्याने त्याच्या गाडीत बसायचं.

आणि मी काय केलं? हळदीच्या आदल्याच दिवशी, शेवटची हौस म्हणून, तारोडीच्या खाडीत, ओहोटीच्या चिखलात जीप घातली. हळदीच्या सकाळी मागच्या चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल, त्याचा खालचा नट जरा सैल केला, तर ऑइलऐवजी दुधाचा चहा गळायला लागला. खारं पाणी शिरलेलं. सगळं ऑइल काढून टाकलं आणि मग वरच्या नटाकडे वळले, जिथून नवं भरायचं. तो ढिम्म. आधी वरचा उघडतो का बघावं, मगच खालचा काढावा, हे शेंबडं पोरही सांगेल. लगीनघाईत माझी अक्कल चरायला गेली होती.

तेवढ्यात बायकांनी मला ओढत नेऊन पाटावर बसवलं. आमच्या घरात एकदा हळद लागली की नवरीने लग्नाला निघेपर्यंत मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. जीप मांडवाबाहेर, ऑइलविना कोरडीठाक. खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण माझ्या अंगाला ऑइलचा असला वास मारत होता, की हळद लावायला वाकलेली प्रत्येक बाई नाक धरूनच उठत होती. मी हसून हसून पाटावरून घसरायला लागले.

काकी म्हणाली, "तू भायेर न्हाय जायाची ना? मंग गाडीच आनू मांडवान."

झालं. सगळ्या बायकांनी पदर खोचले आणि जीप ढकलत आत आणली. धवला, म्हणजे आमची लग्नाची गाणी, गाणाऱ्या म्हातारीने गाणं थांबवलं नाही, उलट जीपलाही त्यात ओवून घेतलं. मी पिवळीधम्मक, गाडीखाली. पान्याला गाडीबाहेर येईल एवढा लांब पाइप लावून लोंबकळले, तरी नट हलेना. मामा खुर्चीत बसून चहा पितोय, मिशीत हसतोय.

आईने त्याच्याकडे एकदा बघितलं. "सरक," मला म्हणाली, आणि दोन्ही पाय देऊन पाइपवर उभी राहिली. कड्कन आवाज झाला, नट सुटला, आई माझ्या अंगावर. आम्ही दोघी जमिनीवर लोळतोय, हसतोय, उठताच येईना.

नवं ऑइल भोकातून ओघळेपर्यंत भरलं, नट आवळले, मांडवातल्या मांडवात जीप पुढे-मागे करून दाखवली. मामाने हात जोडले आणि गाडी नको म्हणून सांगायला पांढऱ्या गाडीवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी चौक गावाच्या रस्त्याला मी जीप चालवत होते, शेजारी आई. इतका आनंद झाला होता की मी उगाच हॉर्न वाजवत होते. हॉल दिसायला लागल्यावर आई म्हणाली, "ह्ये आईल कवा बदलतान?"

"वर्षातून एकदा, आई."

"दर म्हयन्याला बदल," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आपल्या घरी येऊन."