नाताळचं बोलावणं

सासूबाई गेल्या त्या वर्षीच्या जूनमध्ये. डिसेंबर लागला तेव्हा आमच्या घरात नाताळचा विषय कुणी काढेना. श्रीरामपुरातल्या आमच्या गल्लीत महिन्याच्या सुरुवातीपासूनच दारोदारी चांदण्या लागल्या, संध्याकाळी गाण्यांचा सराव ऐकू यायला लागला, शेजारच्या घरातून शंकरपाळे तळल्याचा वास आला. मी शाळेतून यायचे, खिडकी लावून घ्यायचे आणि वह्या तपासत बसायचे. नवरा साखर कारखान्यात फिटर. गळीत हंगाम जोरात, त्यामुळे तो पाळ्यांमध्ये अडकलेला. मुलगी परदेशात नर्स आहे, तिला त्या वर्षी सुट्टी मिळाली नव्हती. राहिली नणंद. ती दरवर्षी कोपरगावहून येते. तिनं फोनवर सांगितलं की आम्ही येतो, पण तू कसला घाट घालू नकोस, वरणभात केलास तरी पुष्कळ झालं. मलाही तेच हवं होतं.

आमच्याकडचं नाताळचं जेवण म्हणजे सासूबाईंचं जेवण. सकाळची उपासना संपली की दुपारी अंगणात पंगत बसायची. मटणाचा रस्सा, पुऱ्या, मटण न खाणाऱ्यांसाठी वांगी, आणि शेवयांची खीर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी कायम त्यांच्या हाताखाली. कांदा चिरायचा, पुऱ्या लाटायच्या. मसाला किती घालायचा आणि पातेलं कधी उतरवायचं, हे माझ्यावर कधी आलंच नाही.

सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. गेली दोन-तीन वर्षं त्यांना विसरायला होतं. सासूबाई गेल्यावर ते वाढलं. ती कुठं आहे म्हणून ते विचारायचे. पहिल्यांदा आम्ही खरं सांगायचो. पण दर वेळी ते जणू पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. मग आम्ही सांगायचं सोडून दिलं. बाहेर गेलीय म्हणायचो, तेवढ्यावर ते गप्प बसायचे.

एका सकाळी ते काळा कोट घालून बाहेर पडले. रोज फिरायला जायचे, गल्लीत सगळे ओळखायचे, म्हणून मी काही म्हटलं नाही. दुपारी आले ते खुशीत. चहा मागितला आणि कुणी न सांगताच झोपले. दुसऱ्या दिवशीही तसंच.

त्या संध्याकाळी समोरचे गुरुजी फाटकाशी आले. निवृत्त शिक्षक, बौद्ध कुटुंब, आमचा पिढ्यानपिढ्यांचा शेजार. ते जरा अवघडून उभे राहिले.

"बाई, विचारू का नको असं झालं होतं," ते म्हणाले. "बाबा कालपासून घरोघरी सांगत फिरतायत, नाताळला जेवायला या म्हणून. यंदा तुमच्याकडं दुःख झालंय, म्हणून म्हटलं आधी विचारावं. तुम्ही नको म्हणालात तरी आम्हाला वाईट वाटायचं नाही."

नको हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "ते सांगतायत, हिनं निरोप दिलाय, कुणाला विसरू नको म्हणून."

मग माझ्या लक्षात आलं. दरवर्षी सासूबाई स्वयंपाकाच्या तयारीला लागायच्या आणि सासऱ्यांना कोट चढवून बोलावणं करायला पाठवायच्या. बायको गेल्याचं ते विसरले होते, पण तिनं सांगितलेलं काम विसरले नव्हते.

"या," मी म्हटलं. "सगळे या."

नवरा ड्युटीवरून आल्यावर मी त्याला सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला की मी सकाळी जाऊन सगळ्यांना सांगून येतो, यंदा जमणार नाही म्हणून. मी म्हटलं, एकाला हो म्हणून झालंय, आता राहू दे.

पुढचे दिवस माणसं विचारायला येतच राहिली. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला आणि खाली मान घालून विचारून गेला. बाजारात भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "बाबा आल्ते हितं. खरंच यायचं का ओ बाई? माझ्या बाळंतपणात त्या माउलीनं रोज डबा पाठवल्ता, म्हनून ईन म्हनते." मी त्यांनाही या म्हटलं. पहिल्यांदा या म्हणणं जड गेलं होतं. पण म्हणता म्हणता ते सोपं होत गेलं, आणि मावशींना म्हटलं तेव्हा तर मनापासून म्हटलं. बाजारातून येताना मी सुकं खोबरं आणि धने घेतले. घरी आल्यावर स्टुलावर चढून माळ्यावरची चांदणी काढली.

नणंदेला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोठं पातेलं माझ्याकडं आहे, आईनंच दिलेलं. आदल्या दिवशी घेऊन येते."

आली ती सकाळीच. दुपारी आम्ही मसाला भाजायला घेतला. मिरचीचा असा ठसका उठला की नवरा, सासरे, आम्ही दोघी, सगळे शिंकत अंगणात पळालो. नणंद डोळे पुसत हसत सुटली. जूननंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग करंज्या करायला बसलो, गुरुजींच्या घरच्या वहिनीही आल्या. मुरड घालता घालता मी नाताळचं गाणं गुणगुणत होते, हे नणंदेनं सूर धरला तेव्हाच मला कळलं.

नाताळच्या दिवशी उपासनेहून आल्यावर सासरे फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरत होते. नाव आठवत नव्हतं, पण कुणाला ते जाणवलं नसेल. पंगत बसत आली तेव्हा रस्त्यावर एक ऊसतोडीचं जोडपं येऊन थांबलं, सोबत छोटी मुलगी. पाथर्डीकडची माणसं. बाई पदर सावरत म्हणाली, "म्हातारबाबा रस्त्यात भेटलं हुतं. त्यांनी पत्ता सांगितला. चुकून तर न्हाई ना आलो?"

मी काही बोलायच्या आत सासरे उठले आणि त्या माणसाला हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं.

जेवणं झाली. पुऱ्या दोनदा पुन्हा लाटाव्या लागल्या. सगळे हात धुवायला उठले तेव्हा सासरे अजून पानावर होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "तिला सांग, सगळे आले."

"सांगते, बाबा," मी म्हटलं.

संध्याकाळी नणंद आणि मी मागच्या नळावर भांडी घासत बसलो. तिनं विचारलं, रश्श्यात खोबरं जास्त घातलं होतंस का. मी हो म्हटलं. आईचा असा नसायचा, ती म्हणाली. थोड्या वेळानं हात पुसून आत गेली आणि उरलेला रस्सा कोपरगावला न्यायला डब्यात भरून ठेवला.