वरीसभर जपायची डिस्क

डिस्क बिघडली की मामू आधी तिला कान लावायचे. डोळे मिटून, तोंडातली सुपारी थांबवून. उमेदीची वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात गेलेली. यंत्राचं दुखणं आवाजावरून ओळखायची सवय तिथली. पुढं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, सगळ्या गिऱ्हाइकांचे मामू झाले, तरी कान तोच. "टिकटिकायला लागली ही. चार दिसांची सोबतीण हाय," म्हणायचे.

डिस्क बदलली, की जुनी ते गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचे. वर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर नाव. "वरीसभर जपा. काय राहिलंय ते मानसाला लगीच आठवत न्हाय."

माझा डेस्कटॉप बारा वर्षांचा. चालू करून चहा टाकावा, पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. त्यात एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवायची ठरली. मामूंनी फोनवर विचारलं, "नव्या डिस्कवर जागा कमी हाय. जुन्यातलं काय काय घ्यायचं?" मी घाईत म्हणालो, "डेस्कटॉपवरचं सगळं घ्या." आम्ही त्या अख्ख्या डबड्यालाच डेस्कटॉप म्हणतो. मामूंच्या लेखी डेस्कटॉप म्हणजे पडद्यावर समोर दिसतं तेवढं. त्यांनी तेवढंच घेतलं.

मी असा शहाणा, की महिन्याभरात जुनी डिस्क भंगारात घातली. नाव नको म्हणून पट्टीसुद्धा सोलून काढली.

आई जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी तिचा आवाज ऐकावासा वाटला. शाहूवाडीच्या तिच्या माहेरच्या गोष्टी मी तिला माईकसमोर बसवून सांगायला लावल्या होत्या, मध्येच "मेल्या, बंद कर ते" हे खेकसणंसुद्धा त्यात होतं. शोध शोध शोधलं. नव्या डिस्कवर काहीच नव्हतं, आणि दुसरीकडं कुठं मी ठेवलंच नव्हतं.

तसाच दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत मामूंना नाही नाही ते बोललो; जुनी डिस्क भंगारात घातल्याचंही त्यातच सांगून टाकलं. "तुम्हीच डेस्कटॉप म्हणलासा की," ते पुटपुटले. मग म्हणाले, "पर मी परत इचारायला पायजे हुतं." लाज मला वाटायला हवी होती. मी तरातरा निघून आलो आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

मामू गेल्याचं कानावर आलं तेव्हा मात्र राहवलं नाही. घरी गेलो, तर मामींनी कॉटखालून एक जड पिशवी ओढली.

"तुमचीच हाय ही. भंगारवाल्यांकडं हिंडायचे. दिसंल ती जुनी डिस्क आणून जोडून बघायचे. मी म्हणायची, सोडा की आता. तर म्हणायचे, त्या सरांची आई हाय त्यात."

सतरा डिस्कांवर पांढरी पट्टी होती, आणि प्रत्येक पट्टीवर कापऱ्या अक्षरात एकच शब्द: न्हाय.

अठराव्या डिस्कवर पट्टी नव्हती. ती बघायची राहून गेली होती.

ती आता माझ्या टेबलावर असते. रोज उचलतो, उगाच कानाला लावतो, परत ठेवतो. जोडायचा धीर होत नाही. तीतही आई नसली, तर पट्टीवर तो शब्द मला लिहावा लागेल. मामू, चूक माझी होती हो.