भिंगरीला आलेली हाक

एक गोष्ट आधीच कबूल करते. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेवर, मी सात-सात दिवसांची साधना आणि आरोग्याची शिबिरं घ्यायचे, तेव्हा रोज सकाळी शिबिरार्थींना सांगायचे, "आतला आवाज ऐका. हाक आली की प्रश्न न विचारता उठा." पण मला स्वतःला आतला आवाज कधी आलाच नव्हता. पोटातला यायचा, विशेषतः दुधीचा रस पिऊन दोन तास झाले की. देव सगळ्यांना बोलावतो आणि नेमकं मलाच विसरतो की काय, ही शंका मला आतून कुरतडायची. पण ताईला शंका असून कसं चालेल? सगळे मला ताई म्हणत, आणि मीही मोतिया रंगाची साडी नेसून, मान किंचित कलती ठेवून, त्या शब्दाला शोभेल अशी चालायचे. ती चाल आता नातवंडांना करून दाखवते, तेव्हा ती लोळून हसतात.

पात्रता म्हणाल तर पुण्याला केलेला एकवीस दिवसांचा योगवर्ग आणि खणखणीत आवाज. त्या साली मी ठरवलं की शिबिर मौनाचं घ्यायचं. महाडच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. ह्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "सात दिवस तू गप्प बसणार असशील, तर शिबिर घरीच घे की." मी रागानं तिथल्या तिथे मौन धरलं. ते एसटी येईपर्यंत टिकलं.

गौरी-गणपती नुकतेच गेले होते. देवळामागच्या धर्मशाळेत बारा माणसं जमली. नियम कडक होते. बोलायचं नाही, अगदीच अडलं तर गळ्यातल्या पाटीवर लिहायचं. पहिल्याच संध्याकाळी मी सगळ्यांच्या पिशव्या आणि खिसे तपासले, लाडू, बिस्किटं, लिमलेटच्या गोळ्या एका ट्रंकेत भरल्या, कुलूप लावलं आणि वर खडूनं लिहिलं, 'आसक्ती'. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी जेवताना नुसतं "मीठ" म्हटलं, तर मी त्यांना सगळ्यांची ताटं घासायला लावली. त्यानंतर तोंड उघडायची कुणाची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना डोंगरावर फिरायला नेलं. त्यांत दासगावचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांना मधुमेह. साखर उतरवायची गोळी घेऊन आणि माझ्या आज्ञेनं वर फक्त दुधीचा रस पिऊन ते निघाले होते. त्यांच्या खिशातली खडीसाखर माझ्या ट्रंकेत होती. अर्ध्या तासात धुकं असं उतरलं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. वाट चुकली. एकमेकांचे पदर नि सदरे धरून आम्ही एका झाडाभोवती दोनदा फिरलो. तेच झाड आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण सांगणार कोण?

तेवढ्यात मास्तरांनी माझ्यासमोर पाटी धरली. वर लिहिलं होतं, 'गोड'. माझा ऊर भरून आला. म्हटलं, चला, एकाला तरी गोडी लागली. मी त्याखाली लिहिलं, 'अतिगोड', आणि डोळे मिटून मान डोलावली. डोळे उघडले तर मास्तर दगडावर बसलेले. कपाळावरून घाम निथळत होता, हात लटलट कापत होते. मी पाटी नीट पाहिली. 'गोड'च्या पुढे ओलाव्यानं पुसलेला अजून एक शब्द होता. 'द्या'.

ओरडायला तोंड उघडलं, तर तीन दिवस गंजलेल्या गळ्यातून चिमणीएवढा आवाज निघाला. मी हात जोडले. एरवी तासभर श्लोक म्हणणारी मी, त्या क्षणी एकही आठवेना. "देवा, मला काही येत नाही रे. ह्या माणसाला वाचव," एवढंच मनात म्हटलं.

आणि धुक्यातून हाक आली. "भिंगरेऽऽ, ये गो बाय. घरला चल."

भिंगरी हे माझं माहेरचं नाव. एका जागी बसत नसे म्हणून आईनं ठेवलेलं. आई गेल्यावर त्या नावानं मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि तिथे ते ठाऊक असणारं तर कुणीच नव्हतं. आई की देवी, हे ठरवत बसायला वेळ नव्हता. "ओ, आले," मी म्हटलं, आणि या वेळी आवाज असा निघाला की बँकेतल्या बाई माझ्याकडे बघू लागल्या, आता ताटं कोण घासणार अशा नजरेनं. दोघांनी मास्तरांना खांद्याचा आधार दिला. हाक येत राहिली, आम्ही तिच्या मागे जात राहिलो.

शंभरएक पावलांवर धनगरवाड्यातलं पहिलं घर लागलं. दारात एक म्हातारी काठी टेकून उभी होती. "कोन गो तुमी?" तिनं विचारलं. सवयीनं सगळे गप्प. "मुक्यांची शाळा हाय काय ही?" मग तिची नजर मास्तरांवर गेली. "म्हातारा कापतोय नि समदी गप. तोंडा काय घरी ठेवून आलाव?" ती आत गेली, गुळाचा खडा आणि तांब्याभर दूध घेऊन आली, आणि गूळ स्वतःच्या हातानं मास्तरांच्या तोंडात घातला.

थोड्या वेळानं घाम थांबला, नजर ठिकाणावर आली. मास्तर माझ्याकडे वळून अगदी सावकाश म्हणाले, "ताई, अतिगोड म्हणजे काय हो?" तीन दिवस कोंडलेलं सगळ्यांचं हसू तिथे फुटलं. माझं मात्र रडू फुटलं.

मी म्हातारीच्या पाया पडले. "आजी, माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझा नाव मला काय ठावं?"

"भिंगरी म्हणून हाक मारलीत ना?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ती माझी म्हस गो. मी सकाळपासना बोंबलतंय, ती येत नाय. तिला बोलावली नि तू आलीस." मग पुन्हा एकदा निरखून म्हणाली, "तशी अंगानं सारखीच हायेस."

धर्मशाळेत परतल्यावर आधी ट्रंकेचं कुलूप काढलं. मास्तरांना त्यांची खडीसाखर दिली, त्यांची माफी मागितली. त्या दिवसाची ताटं मी घासली. पुढची शिबिरं घेतली ती डॉक्टरांना विचारून आणि भरल्या पोटी. दर वर्षी गुळाची एक ढेप वर धनगरवाड्यात पोचवायचे. म्हातारी होती तोवर ती मला भिंगरीच म्हणायची, आणि ते ऐकताना मला जे वाटायचं ते शिबिरात डोळे मिटून कधी वाटलं नव्हतं. देवाची हाक आपल्या मानमरातबाला शोभेल अशी येईल, म्हणून मी वर्षानुवर्षं कान टवकारून बसले होते. ती आली तेव्हा गोठ्याच्या दिशेनं निघाली होती. मी नेहमीसारखी शहाणी असते, तर हाक कुणाला आहे याची आधी चौकशी केली असती, आणि मास्तर दगडावरच राहिले असते.

नात अजूनही चिडवते, "आजी, पण ती हाक म्हशीला होती ना?"

होती, बाई. पण म्हैस गेली नाही. मी गेले.