परत न आणलेलं शिवण

मंजुलाबेन गेल्याचं मला फळ्यावरून कळलं. बोईसरला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या महिला मंडळाचा एक फळा आहे. एरवी त्यावर हळदीकुंकू, पाककला स्पर्धा आणि आजचा सुविचार असतो. त्या सकाळी सुविचार पुसून लिहिलं होतं, की ज्येष्ठ समाजसेविका श्रीमती मंजुलाबेन यांना देवाज्ञा झाली, शोकसभा रविवारी, सर्वांनी वेळेवर यावे. समाजसेविका हा शब्द वाचून मला क्षणभर वाटलं, ही दुसरी कुणी मंजुलाबेन असेल. आमच्या मंजुलाबेनने समाजाची सेवा वगैरे कधी केली नाही. उलट समाजानेच तिची सेवा करायचं ठरवलं होतं, आणि त्यातून सुटायला तिला फार कष्ट पडले...

शोकसभा वेळेवर सुरू झाली नाही, कारण प्रमुख पाहुणे पालघरहून यायचे होते. ते आले, फोटोला हार घालता घालता त्यांनी एकदा फोटोग्राफरकडे पाहून घेतलं आणि सांगितलं की परदेशात सर्वस्व गमावून मायभूमीला परतलेल्या या भगिनीला बोईसरने पोटाशी धरलं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी वाजवल्या नाहीत, पण उठून काही बोललेही नाही. आज कित्येक आठवडे झाले, ते न बोललेलं मनातून जात नाही.

मुळात मंजुलाबेन परतली नव्हती. तिचा जन्म युगांडातला. आजोबा केव्हातरी काठेवाडातून तिकडे गेले, ते तिकडचेच झाले. इंडिया हा तिच्या दृष्टीने कॅलेंडरावरच्या चित्रांचा आणि लग्नपत्रिकांचा देश. बहात्तर साली तिथल्या लष्करशहाने सगळ्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं, तेव्हा नवऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता आणि हिच्याकडे भारतीय. तो इंग्लंडला गेला, ही एक पत्र्याची पेटी घेऊन मुंबईच्या बंदरात उतरली. तिथे बस्तान बसलं की बोलावून घेतो, असं तो म्हणाला होता. बोईसरला दिराचं किराणा दुकान होतं, दुकानामागच्या खोलीत ती राहू लागली. पुढे इंग्लंडहून पत्रं यायची थांबली आणि तिकडे त्याने दुसरा संसार मांडल्याचं कुणीतरी सांगत आलं. तोवर दिराच्या घरातही ‘अजून किती दिवस’ हा प्रश्न तिला रोज ताटात वाढला जात होता. तिला काम हवं होतं. बाकी काहीही नको होतं, हे ती गुजराती, हिंदी आणि जेमतेम मराठीत येईल त्याला सांगत होती.

युगांडात ती गाडी चालवायची. त्यांच्या घरच्या बेकरीची पावाची गाडी होती, आणि लाल मातीच्या कच्च्या रस्त्यांनी ती गावोगाव पाव पोचवायची. हे सगळं ती भजी तळण्याबद्दल बोलावं तसं सांगायची. त्या वेळी आमच्याकडे तारापूरची औद्योगिक वसाहत नुकती उभी राहत होती, कारखान्यांना टेम्पो लागत होते, टेम्पोंना ड्रायव्हर. तिचं म्हणणं इतकंच होतं, की त्यातला एक टेम्पो आपल्याला मिळावा.

मंडळाने तिला शिवणाचं मशीन द्यायचं ठरवलं.

का, हे कुणी विचारलं नाही. निराधार बाई म्हटली की शिवणाचं मशीन, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं होतं की तिला शिवता येतं का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येण्यासारखाच नव्हता. माझ्याही आला नाही. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते, मंडळाच्या समारंभांची टिंगल करत होते, आणि न चुकता त्यांना जात होते. मशीन पालघरहून हार घातलेल्या टेम्पोतून आलं. समारंभ आमच्याच शाळेत होता, आणि शाळेच्या बोळात टेम्पो वळेना. ड्रायव्हर पुढे घेतोय, मागे घेतोय, बँडवाले खोळंबले आहेत, आणि एकदम सत्कारमूर्ती व्यासपीठावरून उतरून नव्या साडीत टेम्पोपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, “भाई, उतरो. मी लावते.” ड्रायव्हर हसला, बँडवाले हसले. अध्यक्षीणबाई तिचा दंड धरून तिला परत घेऊन आल्या. “अहो, बसा बसा. आज तुम्ही पाहुण्या,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर प्रेमळ होता. हसणाऱ्यांत मीही होते. टेम्पो शेवटी ढकलून आत आणला.

मशीनजवळ हात जोडून उभ्या असलेल्या मंजुलाबेनचा फोटो इथल्या मराठी साप्ताहिकात आला, आणि तो फोटो तिच्या आधी सगळीकडे जाऊन पोचू लागला. युगांडाचं लायसन्स इथे चालेना, तर ती ठाण्याला खेपा घालून इथलं घेऊन आली. तिथल्या आरटीओच्या खिडकीवरचा माणूस दर वेळी विचारायचा, साहेब कुठे आहेत, त्यांना पाठवा. लायसन्स घेऊन ती कारखान्यांच्या फाटकांवर गेली. एका ठिकाणी वॉचमनने आत सोडलं नाही, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले मराठी लिहिता-वाचता आलं पाहिजे, तिसऱ्या ठिकाणी रेशनकार्ड कुठलं, इथलं कोण ओळखतं, असं सुरू झालं. एका मॅनेजरने मात्र तिला बसवून चहा पाजला. आणि मग म्हणाला, “बहेनजी, आपको तो मशीन मिली है ना? फोटो देखा था मैंने.” हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात राग नव्हता. सरकारी नियम सांगावा तसं सांगितलं. ज्याला टाळायचं त्याला आम्ही कारण पुरवलं होतं, तेही बँड लावून.

मग ती शिवायला बसली. दुसरं करणार काय? आम्ही शाळेतल्या सगळ्या बायकांनी मोठ्या मनाने आपापले ब्लाउज तिला दिले. माझा आला तेव्हा त्याची एक बाही दुसरीपेक्षा मोठी होती आणि गळा एका खांद्याकडे सरकलेला. ती समोर उभी राहून विचारत होती, “बरोबर बसला?” मी म्हटलं, छान. मग तो पिशवीत घालून मी नवापूर रस्त्यावरच्या शिंपीमास्तरांकडे गेले, की कुणाला कळू न देता उसवून नीट करून द्या. मास्तरांनी नुसतं मागे बोट दाखवलं. दोरीवर आमच्या चित्रकलेच्या बाईंचा ब्लाउज होता, मुख्याध्यापिकाबाईंचा होता, अध्यक्षीणबाईंचा तर होताच. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच इतक्या समजूतदार आहोत. पुढे तर आमचा तो रिवाजच झाला. आधी मंजुलाबेनकडे, मग मास्तरकडे.

एक दिवस मी मास्तरांकडे असताना ती मशीनच्या सुया घ्यायला आली. दोरीकडे तिचं लक्ष गेलं. एकेक ब्लाउज ती ओळखत होती, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं... तिने सुया घेतल्या, पैसे दिले, बाहेर येऊन माझी वाट बघत उभी राहिली. मी आले तसं तिने विचारलं, “टीचर, छोकरा गणित खोटं करे, तर तुम्ही त्याला बरोबर लिहून देता?”

मी म्हटलं, तसं नाही हो मंजुलाबेन, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून... ते वाक्य मी पुरं केलं नाही, आणि तिनेही करू दिलं नाही. “मला कोण बोलला असता, बाही खोटी हाय, तर मी शिकली असती,” ती म्हणाली. “एक वरस झाला. एक वरस मी खोटीच बाही शिवली.”

त्यानंतर तिने आमचे ब्लाउज घेणं बंद केलं. ती नाराज झाली, अशी मंडळात कुजबुज झाली, आणि एवढं करूनही, असंही एकजण म्हणाली.

तिला काम मिळालं ते मंडळाच्या वाऱ्यालाही न उभ्या राहिलेल्या माणसाकडून. वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात मिश्रा नावाचा सुपरवायझर होता, उत्तरेकडचा, तोंडाचा फटकळ. साप्ताहिक त्याला वाचता येत नव्हतं, फोटो त्याने पाहिला नव्हता. रसायन गाळायला जाड कापडाच्या पिशव्या लागतात, त्या शिवायला त्याला कुणीतरी हवं होतं. त्याने विचारलं, सिलाई आती है? ती म्हणाली, थोडी. तो म्हणाला, करके दिखाओ.

पहिली खेप देऊन ती थेट माझ्या घरी आली, खांद्यावर गोणी. मला वाटलं, पुढचं कापड असेल. तिने गोणी माझ्या ओटीवर उपडी केली. तिने शिवलेल्याच सगळ्या पिशव्या होत्या. “सगळ्या परत दिल्या,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मला काही समजेना. “बोलला, टाका ढीला है, माल बह जाएगा, फिर से करो. नहीं तो मत आना.”

मी म्हटलं, काय उद्धट माणूस आहे.

“उद्धट नाय, टीचर. एने माझं काम बघितलं.”

ती ओटीवरच बसून उसवायला लागली. मी चहा केला. तो निवून गेला तरी तिने वर पाहिलं नाही. दुसरी खेपही त्याने निम्मी परत केली. तिसरी ठेवून घेतली. पिशव्यांना गळा नसतो आणि बाह्या नसतात, हे तिच्या पथ्यावर पडलं, असं मी तेव्हा कुणाला तरी गमतीने सांगितलं होतं. लोक हसले होते... माझ्या विनोदांना लोक नेहमी हसत आले आहेत.

पुढच्या वर्षांत तिने दिराचं घर सोडलं, बेटेगावच्या रस्त्याला पत्र्याची शेड घेतली, गावातली कमल आणि आणखी दोघी हाताशी घेतल्या. तारापूरच्या कारखान्यांतून गोण्या येत-जात राहिल्या. टेम्पो तिला कुणी दिला नाही, मालाचे टेम्पो इतरच आणत. लायसन्स तिने एक-दोनदा वाढवून घेतलं, मग राहू दिलं. रिक्षात माझ्याशेजारी बसली की मात्र वळणावर तिचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन फळी दाबायचा. रिक्षावाल्याचा ब्रेक उशिरा लागला की ती जिभेने चक् करायची. गाडीबद्दल तिने मला पुन्हा कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमचं येणंजाणं टिकलं, ते तिच्या मोठ्या मनामुळे. पुन्हा मी तिला घरचं बारीकसारीक शिवण देऊ लागले, उशांचे अभ्रे, पडदे, बाजाराच्या पिशव्या. कारखान्याच्या कापडावर बसलेला तिचा हात घरच्या कापडावर पुष्कळदा चुकायचा. ती विचारायची, बरोबर बसला? आणि इतकं सगळं झाल्यावर, तिने ते सगळं मला तोंडावर सांगितल्यावरही, मी म्हणायची, छान. का म्हणायची, याचं उत्तर मी शोधलं. माझ्याकडे निघालेली सगळी उत्तरं माझी बाजू घेणारी आहेत, म्हणून इथे लिहीत नाही.

शोकसभेनंतर मी कमलला दोन अभ्रे शिवायला दिले. आले ते उशीत जाईनात. दोन-तीन दिवस ते तसेच कपाटावर पडून होते. नेहमीप्रमाणे मास्तरांकडे नेण्यासाठी पिशवीत भरलेसुद्धा. मग काय झालं कोण जाणे, मी बेटेगावची रिक्षा केली. शेडमध्ये मंजुलाबेनच्या जागी कमल बसली होती. मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, कमल, हे लहान झालेत, परत कर. एवढं बोलायला मला घाम फुटला होता.

कमलला काहीच वाटलं नाही. “बसा बाई, आता उसवून देते,” असं म्हणत तिने अभ्रा उलटा केला आणि टाके काढू लागली. मी स्टुलावर बसले. मशीन चालू होतं, बाहेर टेम्पोतून गोण्या उतरत होत्या.

“बेन व्हती तवा तुमी कदीच काय परत आनला नाय,” कमल मान वर न करता म्हणाली. “बेन बोलाची, आमच्या टीचरला सगला चांगलाच वाटते. नि हसाची.”

कशी हसायची, ते मी विचारलं नाही.