आईला बालिश म्हणणारा तन्मय

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. त्यानंतर जे बिघडलं, ते मी बिघडवलं.

बँकेने माझी कोलकात्याला बदली केल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी आणि माझी बायको मेधा डमडमला एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आई ऑपरेशनसाठी साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकाहत्तर. डॉक्टरांनी बजावलं होतं, की आपलं काम संपलं, आता सहा आठवडे व्यायाम चुकवलात तर गुडघा आहे तिथेच आखडेल.

व्यायामासाठी तन्मय नावाचा फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी सातला घरी यायला लागला. तिशीतला, सडपातळ, अतिशय नम्र. पहिल्या दिवशी तो आईशी हिंदीत बोलायला लागला आणि मी त्याला थांबवलं. म्हटलं, बंगालीतच बोला, मला येतं. (मला बँकेच्या काउंटरपुरतं बंगाली येत होतं. म्हणजे बसा, सही करा आणि उद्या या.) तो इतका खूश झाला, की त्यानंतर त्याने हिंदीचा एक शब्द काढला नाही.

पहिले दोन दिवस पाऊल वरखाली करण्यात गेले. दुभाष्याचं काम मी चोख केलं, कारण तो स्वतः करून दाखवत होता. तिसऱ्या दिवशी मला शाखेतून फोन आला आणि मी गॅलरीत गेलो. परत येईपर्यंत तन्मय निघून गेला होता. आई पलंगावर ताठ बसून होती. चहा निवून गेला होता.

"तो मला बालिश म्हणाला," आई म्हणाली.

"कोण, तन्मय?"

"चार वेळा. माझ्या पायाकडे बघून म्हणाला, खोलीभर बघून म्हणाला. मग मान हलवून हसला."

मेधाचं मत पडलं, की आधी कुणाला तरी विचारावं, कदाचित त्या शब्दाचा इकडे वेगळा अर्थ असेल. मी तिला समजावलं, की बंगाली ही संस्कृतातून आलेली भाषा आहे, शब्द तोच आणि अर्थही तोच. हे मी इतक्या खात्रीने सांगितलं, की तिने विषय सोडला. आई तर व्यायाम करताना थोडी कण्हली होती, त्यामुळे तिला आरोपात तथ्य वाटत होतं आणि म्हणूनच जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तन्मयला दारातच गाठलं आणि बंगालीत सांगितलं, की आईसाठी बालिश चालणार नाही.

तो गोंधळला. म्हणाला, बालिशशिवाय जमणार नाही.

मी म्हटलं, त्या एकतीस वर्षं हेडमिस्ट्रेस होत्या. आजवर कधी, कुठेही बालिश नाही. ('म्हणालं' कसं म्हणायचं ते ऐन वेळी आठवेना, म्हणून गाळलं.)

 तो हळूच म्हणाला, की या वयात सगळ्यांना लागतं, त्याच्या स्वतःच्या आईला दोन लागतात. हा माणूस जन्मदात्या आईलाही सोडत नाही हे पाहून मी त्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्यानंतर व्यायाम मी घ्यायला लागलो. माझ्या देखरेखीच्या चौथ्या दिवशी आईचा गुडघा सुजला. पाचव्या दिवशी तो अर्ध्यावर अडला, आणि आईला खुर्चीतून उठवायला मी आणि मेधा दोघं लागलो. डॉक्टर म्हणाले होते ते तंतोतंत खरं होणार असं दिसायला लागलं. माझं जेवणावरून मन उडालं. 

सहाव्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात तन्मय. हातात लाल चौकड्यांच्या अभ्र्यातली एक लहानशी, घट्ट भरलेली उशी. ती त्याने दोन्ही हातांनी पुढे केली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बालिश."

मी उशीकडे पाहिलं. आईने उशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सातवीनंतर मला त्या नजरेने कुणी पाहिलं नव्हतं.

मग मी त्याला हिंदीत बोलण्याची विनंती केली आणि आमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते सांगितलं. त्यावर त्याने त्याची बाजू सांगितली. तिसऱ्या दिवसापासून गुडघ्याखाली उशी ठेवून गुडघा खाली दाबायचा होता, पण आमच्या उशा फार मऊ म्हणून तो घट्ट उशी शोधत होता. माझं बोलणं ऐकून त्याची समजूत झाली, की या बाईंनी एकतीस वर्षं शाळा चालवली आणि जन्मात कधी उशी वापरली नाही. त्याने घरी जाऊन ते त्याच्या आईला सांगितलं. त्या माउलीला वाटलं, मराठी लोकांत काही कडक व्रत असेल. तरी दुखण्यात चालत असेल म्हणून तिने स्वतः ही उशी शिवून दिली.

आईने ती उशी गुडघ्याखाली घेतली आणि दाबायला सुरुवात केली. त्या दिवशी ती खूप कण्हली, पण कुणी काही म्हणालं नाही.

गुडघा पुन्हा वळणावर यायला सहाऐवजी आठ आठवडे लागले. शेवटच्या दिवशी आई एकटी, कठड्याला धरून दोन मजले उतरली आणि तन्मयला निरोप द्यायला गल्लीपर्यंत गेली. मी मागे होतो. जाता जाता त्याने आईला आदराने विचारलं, की साहेबांना बंगाली कोणी शिकवलं?

तुमच्या मुलाने कॉपी केलेली नाही हे त्याच्या पेपरवरून स्पष्ट दिसतं, असं पालकांना ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात आई म्हणाली, "किसीने नहीं. अपने आप सीखा है."